मोहम्मद हाशम प्रेमजी: अमळनेरच्या एका शेअरचे आठशे कसे झाले, आणि ते हिशेबात कसे लिहायचे

विप्रोच्या शेअरचा एक मेसेज तुमच्याही व्हॉट्सॲपवर कधी ना कधी येऊन गेला असेल. अमुक साली शंभर शेअर घेऊन ठेवले असते तर आज इतके कोटी झाले असते, असा तो मेसेज. त्यातला गुणाकार बहुतेक वेळा बरोबर असतो. पण दोन गोष्टी त्यात कधीच नसतात. हा शेअर पहिल्यांदा लोकांना विकणारा माणूस कोण होता, ही एक. आणि ते शेअर उद्या विकायला काढले तर त्यांची खरेदी किंमत नेमकी किती धरायची, ही दुसरी. पर्सनल फायनान्सची सॉफ्टवेअरं याला कॉस्ट बेसिस म्हणतात, आणि ज्यांच्या घरात असे जुने शेअर खरंच आहेत त्यांचं सगळं घोडं इथंच अडतं.

म्हणून आज त्या माणसाची गोष्ट बघू, आणि त्यानं विकलेल्या शेअरचीही. शेअरची गोष्ट माणसाच्या गोष्टीपेक्षा खूप लांबते.

तांदूळ गेला, तेल आलं

मोहम्मद हाशम प्रेमजी हे मुंबईचे व्यापारी. घराणं मूळ कच्छकडचं, खोजा समाजातलं, आणि धंदा तांदळाचा. त्या काळी तांदळाचा मोठा व्यापारी म्हणजे ज्याचा ब्रह्मदेशाशी संबंध आहे असा माणूस. रंगूनहून जहाजं भरून तांदूळ हिंदुस्थानात यायचा आणि त्या व्यापारात प्रेमजींचं नाव मोठं होतं.

मार्च १९४२ मध्ये जपानी फौजांनी रंगून घेतलं आणि ब्रह्मदेशाचा तांदूळ थांबला. १९४३ मध्ये बंगालमध्ये दुष्काळ पडला, धान्याची टंचाई झाली, सरकारनं धान्याच्या व्यापारावर नियंत्रणं आणली, मुंबईत रेशनिंग सुरू झालं. म्हणजे ज्या मालावर घराणं उभं होतं तो माल खुल्या बाजारातून जवळजवळ उठलाच. अशा वेळी व्यापाऱ्यापुढं दोन रस्ते असतात, नियंत्रण उठायची वाट बघायची किंवा दुसरा माल शोधायचा. प्रेमजींनी दुसरा रस्ता धरला.

दुसरा माल होता वनस्पती तूप. शेंगदाण्याचं तेल घ्यायचं, निकेलच्या साहाय्यानं त्यात हायड्रोजन सोडायचा, की पातळ तेल थिजून तुपासारखं रवाळ होतं. खऱ्या तुपापेक्षा स्वस्त, आणि टिकाऊ. डालडा १९३७ पासून बाजारात होताच, त्यामुळे गिऱ्हाईक असल्याचं सिद्ध झालेलं होतं. आता शेंगदाणा जिथं पिकतो तिथं जायचं होतं.

ती जागा म्हणजे खानदेशातलं अमळनेर. बोरी नदीच्या काठचं, सुरत-भुसावळ रेल्वेवरचं गाव, तेव्हा पूर्व खानदेश जिल्ह्यात, आता जळगाव जिल्ह्यात. गाव साधं नव्हतं. प्रताप शेठजींची कापड गिरणी तिथं होती, तत्त्वज्ञान मंदिर होतं, साने गुरुजींनी तिथल्याच शाळेत शिकवलं होतं. गिरणी असलेल्या गावात कामगार मिळतो, मेकॅनिक मिळतो, आणि पगारातून चार पैसे बाजूला टाकणारी माणसंही असतात. ही शेवटची गोष्ट आपल्या विषयासाठी महत्त्वाची आहे.

२९ डिसेंबर १९४५ रोजी वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड ही कंपनी नोंदली गेली. प्रेमजींचा मुलगा अझीम त्याच वर्षी जुलैमध्ये जन्मला होता, म्हणजे कंपनी आणि मुलगा एकाच वयाचे. कारखान्यातून सनफ्लॉवर नावाचं वनस्पती निघायचं, आणि तेल शुद्ध करताना जो गाळ उरतो त्यातून ७८७ नावाचा कपडे धुण्याचा साबण. पेंड तर निघायचीच. वाया काही घालवायचं नाही, हा तेलाच्या धंद्याचा स्वभाव.

शेअर म्हणजे कागद, आणि कागदामागं एक वही

१९४६ मध्ये कंपनीनं लोकांना शेअर विकले. हे तेव्हा सोपं नव्हतं. १९४३ पासून भांडवल उभारणीवर सरकारी नियंत्रण होतं आणि परवानगीशिवाय शेअर काढता येत नव्हते. हे नियंत्रण पुढं १९९२ पर्यंत चाललं. सुरुवातीचा शेअर १०० रुपये दर्शनी किमतीचा होता. त्या काळचे १०० रुपये म्हणजे लहान रक्कम नव्हे, तरी अमळनेरच्या व्यापाऱ्यांनी, शेतकऱ्यांनी, नोकरदारांनी ते शेअर तेव्हा आणि पुढच्या वर्षांत घेतले. गावातला कारखाना आहे, मालक माहीत आहे, धुराडं रोज दिसतं, एवढा भरवसा पुरेसा होता. आजही अमळनेरमध्ये विप्रोचे शेअर असलेली घरं पुष्कळ आहेत आणि वर्तमानपत्रं अधूनमधून त्यावर लिहितात.

शेअरहोल्डरच्या हातात काय यायचं? एक सर्टिफिकेट. त्यावर नाव, फोलिओ नंबर, शेअरचे अनुक्रमांक. पण खरी मालकी त्या कागदात नव्हती, ती कंपनीच्या सभासद नोंदवहीत होती. कोण आलं, कोणाचे शेअर कोणाकडं गेले, कधी गेले, हे त्या वहीत तारखेनिशी ओळीमागं ओळ लिहिलं जायचं. जुनी ओळ खोडून नवी लिहायची नाही, तिच्या खाली नवी ओळ यायची.

आम्हा किन्हीराजाच्या लोकांना ही पद्धत समजवावी लागत नाही, कारण शेतीचा कागद असाच चालतो. सातबारावर आज काय आहे ते दिसतं, आणि ते तसं का आहे ते फेरफारात, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये दिसतं. वाटणी झाली, खरेदी झाली, वारस लागले, प्रत्येकाला नंबर आणि तारीख. पाच एकराचे पाच भावांत पाच पोटहिस्से पडले म्हणून जमीन वाढत नाही आणि आजोबांनी दिलेली किंमतही बदलत नाही. आमच्या गावचा जुना कागद काढला तर त्यावर तालुका मालेगाव, जिल्हा अकोला असतं, कारण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला. जिल्हा बदलला, शेत तिथंच आहे. हे डोक्यात ठेवा, पुढं कामाला येईल.

प्रेमजींची वीस वर्षं

फाळणीच्या वेळी जिनांनी प्रेमजींना पाकिस्तानात यायचं निमंत्रण दिलं होतं आणि त्यांनी ते नाकारलं, असं त्यांच्या कुटुंबाच्या गोष्टीत कायम सांगितलं जातं. एवढं नक्की, की ते मुंबईत राहिले आणि कारखाना अमळनेरात राहिला. पत्नी गुलबानू डॉक्टर होत्या. पोलिओ आणि सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठीच्या मुंबईतल्या ऑर्थोपेडिक हॉस्पिटलच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता आणि त्या कामात त्यांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं घातली. माझ्या मते प्रेमजी घराण्याच्या पुढच्या दानधर्माचं मूळ शोधायचं तर ते या हॉस्पिटलात शोधावं, सॉफ्टवेअरच्या नफ्यात नव्हे.

कंपनीचं म्हणाल तर या वीस वर्षांत चमत्कार काही झाला नाही. शेंगदाण्याचा भाव चढला की नफा घटायचा, उतरला की वाढायचा. तेल, तूप, साबण, पेंड. १९४६ च्या शेअरहोल्डरनं १९६६ मध्ये हिशेबाची वही उघडली असती तर त्याला करोडपती होण्याची चिन्हं कुठंच दिसली नसती.

११ ऑगस्ट १९६६ रोजी मोहम्मद हाशम प्रेमजी हृदयविकाराच्या झटक्यानं गेले. वय अवघं ५१. मुलगा एकवीस वर्षांचा, अमेरिकेत स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकत होता. फोन आला आणि तो शिक्षण अर्धवट टाकून परतला. सुरुवातीच्या एका वार्षिक सभेत एका शेअरहोल्डरनं या पोराला सगळ्यांसमोर सुनावलं, की कंपनी जाणत्या माणसाच्या हाती देऊन मोकळा हो. हा प्रसंग अझीम प्रेमजींच्या प्रत्येक चरित्रात येतो. पण एका बाजूनं विचार करा, तो शेअरहोल्डर उद्धट नव्हता. त्याच्या घामाचे पैसे अडकले होते. वडिलांवर भरवसा ठेवून त्यानं कागद घेतला होता आणि वडील आता नव्हते.

मोहम्मद प्रेमजींचं आयुष्य इथं संपलं. त्यांनी विकलेल्या शेअरचं आयुष्य मात्र नुकतं सुरू झालं होतं.

एकाचे आठशे

पुढचं बहुतेकांना माहीत आहे. १९७७ मध्ये कंपनीचं नाव विप्रो प्रॉडक्ट्स झालं, १९८२ मध्ये नुसतं विप्रो. कॉम्प्युटर आले, सॉफ्टवेअर आलं. या काळात बोनस शेअर अनेकदा मिळाले आणि १०० रुपयांचा शेअर फुटून १० रुपयांचा झाला. त्यानंतरचा हिशेब आपण सलग करू. १९९७ च्या बोनसआधी एखाद्याकडं १० रुपये दर्शनी किमतीचा एकच शेअर होता असं धरा.

१९९७, बोनस २:१. एकाचे ३.
१९९९, स्प्लिट, १० रुपयांचा शेअर २ रुपयांचा. ३ चे १५.
२००४, बोनस २:१. १५ चे ४५.
२००५, बोनस १:१. ४५ चे ९०.
२०१०, बोनस २:३. ९० चे १५०.
२०१७, बोनस १:१. १५० चे ३००.
२०१९, बोनस १:३. ३०० चे ४००.
२०२४, बोनस १:१. ४०० चे ८००.

आठ घटना, पैकी स्प्लिट फक्त एक. बाकी सात बोनस. मोबाईलच्या स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, शेअर वाढले आणि भाव त्या प्रमाणात उतरला. कंपनीची संपत्ती दोन्हींत तेवढीच राहते. मग फरक कुठं आहे?

फरक आपल्या आयकराच्या नियमात आहे. स्प्लिटमध्ये जुना शेअर फुटतो. त्याची किंमत तुकड्यांत वाटली जाते आणि खरेदीची तारीख जुनीच राहते. अगदी पोटहिश्शासारखं. बोनसमध्ये मात्र जुन्या शेअरला कोणी हात लावत नाही, त्याची किंमत आहे तशी राहते. नवीन मिळालेला शेअर हा वेगळा शेअर, त्याची खरेदी किंमत शून्य, आणि त्याची तारीख म्हणजे तो मिळाल्याची तारीख. शेजारचं शेत फुकटात मिळाल्यासारखं. त्याचा फेरफार वेगळा.

अमेरिकेत असं नाही. तिकडं शेअरच्या रूपात मिळालेला करमुक्त लाभांश, म्हणजे आपला बोनस, यातही जुनी किंमत जुन्या आणि नव्या शेअरांवर पसरवतात. आपण वापरतो ती बरीचशी सॉफ्टवेअरं तिकडच्या नियमांवर वाढलेली. त्यामुळे त्यांच्या लेखी आपला १:१ बोनस म्हणजे दोनास एक स्प्लिट, विषय संपला. गडबड इथून सुरू होते.

दुसरी गडबड गुणोत्तराची. आपल्याकडं २:१ बोनस म्हणजे एका जुन्या शेअरवर दोन नवे, एकूण तीन. अमेरिकन सॉफ्टवेअरमध्ये २:१ भरलं तर ते समजतं एकूण दोन. १९९७ आणि २००४ च्या ओळी अशा भरल्या की शेवटी ८०० ऐवजी साडेतीनशेच्या आसपास आकडा येतो आणि माणूस डोकं धरून बसतो. तिथं भरायचं ते ३:१. तसंच २०१० चा २:३ म्हणजे तिकडचा ५:३, आणि २०१९ चा १:३ म्हणजे ४:३.

तिसरी बारीक गोष्ट अपूर्णांकाची. १०० शेअर असणाऱ्याला २०१० मध्ये ६६ नवे मिळाले आणि वरच्या दोन तृतीयांश शेअरचे पैसे. सॉफ्टवेअर गुणोत्तरानं १६६.६७ दाखवतं, डीमॅटला १६६ असतात. ते पॉइंट सदुसष्ट विकल्याची वेगळी नोंद करा. हिशेब जुळत नाही म्हणून जुनी खरेदी बदलायला जाऊ नका.

पंच्याहत्तर पैसे की एकशे वीस रुपये?

समजा एका काकांनी १९९६ मध्ये १० शेअर एकूण ६,००० रुपयांना घेतले. आकडा मी सोयीसाठी धरलाय, तेव्हाचा बाजारभाव म्हणून वाचू नका. आज त्यांच्याकडं ८,००० शेअर आहेत.

सगळ्या ओळी स्प्लिट म्हणून भरल्या तर सॉफ्टवेअर ६,००० ला ८,००० नं भागून प्रत्येक शेअरची किंमत ७५ पैसे दाखवेल, आणि सगळ्यांची तारीख १९९६. भारतीय नियमानं चित्र वेगळं आहे. मूळ १० शेअर फुटून ५० झाले, त्यांची किंमत प्रत्येकी १२० रुपये, तारीख १९९६. उरलेल्या ७,९५० ची किंमत शून्य, आणि त्यांचे सात वेगवेगळे गठ्ठे, प्रत्येकाची तारीख वेगळी. बेरीज दोन्हीकडं ६,००० च आहे. मग एवढा कीस कशाला काढायचा, असं वाटेल.

कारण शेअर कोणी एकदम विकत नाही. मुलीच्या लग्नाला हजार, घराला दोन हजार, असे विकतो. आणि डीमॅटमधून शेअर जातात ते आधी आलेले आधी, या क्रमानं. कोणता गठ्ठा आधी गेला यावर त्या वर्षीचा कर ठरतो.

त्यात २०१८ चा बदल आला. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पानं लिस्टेड शेअरच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर पुन्हा कर लावला, पण ३१ जानेवारी २०१८ पर्यंतच्या वाढीला संरक्षण दिलं. त्या तारखेला जे शेअर हातात होते, त्यांच्यासाठी त्या दिवशीचा सर्वांत वरचा भाव आणि विक्रीचा भाव यांतला कमी आकडा घ्यायचा, आणि तो मूळ किमतीपेक्षा जास्त असेल तर तोच खरेदी किंमत धरायचा. काकांच्या ८,००० पैकी त्या दिवशी हातात होते ३,०००. बोनसनं आलेले असले तरी त्यांना हे संरक्षण आहे. नंतर आलेले २०१९ चे १,००० आणि २०२४ चे ४,००० मात्र शून्य किमतीचे.

आता सॉफ्टवेअरनं बोनसला स्प्लिट समजून सगळ्या ८,००० ची तारीख १९९६ ठेवली, आणि सगळ्यांना ३१ जानेवारीचा भाव लावला, तर ५,००० शेअरना न मिळणारं संरक्षण मिळालेलं दिसेल. कर कमी भरला जाईल, आणि मग नोटीस येईल. याच्या उलटही होतं, आणि ते जास्त लोकांच्या लक्षात येत नाही. इंटरनेटवरचे जुने भाव बहुतेक ठिकाणी नंतरच्या बोनस-स्प्लिटप्रमाणे उतरवून दाखवलेले असतात, नाहीतर आलेखात मोठा खड्डा दिसला असता. विप्रोच्या बाबतीत २०१८ नंतर एकाचे आठ तृतीयांश झाले, म्हणून तिथं दिसणारा ३१ जानेवारी २०१८ चा भाव खऱ्या भावाच्या तीन अष्टमांश असतो. तो घेऊन पहिले ३,००० विकले तर काका हक्काच्या खरेदी किमतीतला पाच अष्टमांश भाग सोडून देतात. त्या दिवशी बाजारात खरोखर जो भाव होता तोच घ्यायचा, आलेखातला नाही. २०१८ नंतर स्प्लिट झालेल्या कंपनीत मात्र तो भाव भागावाच लागतो. बोनस आणि स्प्लिट वेगळे का लिहायचे, ते इथं रुपयांत दिसतं.

नोंद कशी करायची

माझं मत ठाम आहे. जुनी खरेदीची ओळ कधीही बदलायची नाही. १० शेअर, ६,००० रुपये, १९९६, ही ओळ तशीच राहिली पाहिजे, जरी त्या दर्शनी किमतीचा शेअर आज कुठंच नसला तरी. त्याखाली घटना लिहायच्या. आजची संख्या आणि किंमत ही सॉफ्टवेअरनं त्या घटनांवरून काढायची गोष्ट आहे. आम्ही प्रोग्रामर लोक याला इव्हेंट लॉग म्हणतो, तलाठी फेरफार म्हणतो. २०१८ मध्ये नियम बदलला तेव्हा ज्यांनी घटना जपल्या होत्या त्यांना नवं गणित एका संध्याकाळी करता आलं. ज्यांनी दर वेळी जुना आकडा पुसून सरासरी लिहिली होती, त्यांच्याकडं मागं जायला रस्ताच नव्हता.

केमायमनी वापरत असाल तर त्यात स्प्लिट शेअर्स आणि ॲड शेअर्स असे दोन वेगळे व्यवहार आहेत. १९९९ साठी पहिला, बाकी सात बोनससाठी दुसरा. ॲड शेअर्समध्ये किंमत लागत नाही, आपल्याला तेच हवं. ग्नूकॅशमध्ये थोडं जपून. तिथं स्प्लिटच्या मदतनीसातून वाढलेले शेअर शून्य रुपयांनी जमा होतात, आणि त्याचा ॲडव्हान्स्ड पोर्टफोलिओ रिपोर्ट शून्य रुपयांची वाढ दिसली की ती स्प्लिटच समजतो आणि किंमत पसरवतो. म्हणून प्रत्येक बोनससाठी वेगळं उपखातं काढा, विप्रो बोनस २०१९ अशा नावानं. दिसायला पसारा वाटतो, पण विकताना कोणता गठ्ठा गेला ते डोळ्यांना दिसतं. बीनकाउंटवाल्यांना तर सोपं आहे, बोनसचा गठ्ठा शून्य किमतीनं आणि त्याच्या तारखेनं लिहायचा. स्प्लिटला जुना गठ्ठा बाहेर काढून नव्या संख्येनं आत घ्यायचा, मात्र मूळ तारीख हातानं टाकायची, नाहीतर तो स्प्लिटच्या दिवसाची तारीख घेतो. आणि एक्सेल असेल तरी चालतं. तारीख, घटना, किती वाढले, किती रुपये, कागद कुठं आहे, एवढे पाच कॉलम पुरतात.

ब्रोकरच्या ॲपवर मात्र विसंबू नका. कागदी शेअर डीमॅट करून आलेले असले तर त्याला खरेदी किंमत माहीतच नसते. तो रकाना रिकामा किंवा शून्य दिसतो, आणि तुम्ही भरला नाही तर नफा तेवढ्यानं फुगतो.

वारसानं आलेल्या शेअरना आधीच्या मालकाची किंमत आणि त्याचीच तारीख लागते. वडील गेले त्या दिवशीचा भाव लागत नाही. त्यामुळे आजोबांची ओळ नातवाच्या फाईलमध्ये जशीच्या तशी आली पाहिजे, खाली फक्त वारस लागल्याची नोंद. जुन्या पेटीत वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स या नावाचा कागद सापडला तर ती कंपनी बुडाली समजून टाकून देऊ नका, जिल्हा अकोला लिहिलेला शेताचा कागद आपण टाकत नाही तसंच. सात वर्षं सलग लाभांश कोणी घेतला नसेल तर असे शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीकडं गेलेले असू शकतात. तिथून ते अर्ज करून परत मागता येतात. कागदी शेअर १ एप्रिल २०१९ पासून दुसऱ्याच्या नावावर थेट विकता येत नाहीत, वारस मात्र लावता येतो.

आता राहिली २०१३ ची घटना. ती वरच्या यादीत नव्हती, कारण तिच्यात विप्रोच्या शेअरची संख्या बदलली नाही. ३१ मार्च २०१३ पासून साबण, दिवे, हायड्रॉलिक यंत्रं हा सगळा आयटी सोडून उरलेला धंदा विप्रो एंटरप्रायझेस या वेगळ्या कंपनीत गेला. शेअरहोल्डरांना पर्याय दिले होते. नव्या कंपनीचे शेअर घ्या, प्रेफरन्स शेअर घ्या, किंवा त्याबदल्यात विप्रोचेच आणखी शेअर घ्या. अशा विभाजनात जुन्या शेअरच्या खरेदी किमतीचा काही भाग, मालमत्तेच्या प्रमाणात, नव्या कंपनीच्या शेअरकडं सरकतो. म्हणजे काकांचे ५० शेअर १२० रुपयांचे म्हणून आपण लिहिले, त्यातले काही रुपये इथं वजा करून दुसऱ्या खात्यात टाकावे लागतात. केवढे, ते प्रमाण कंपनीनं शेअरहोल्डरांना कळवलेलं असतं, तो कागद शोधा. शेअर बदलून घेतलेल्यांकडं वरच्या गणितापेक्षा थोडे जास्त शेअर असतील.

आणि अमळनेरचा कारखाना, जिथं मोहम्मद प्रेमजींनी तेल गाळायला सुरुवात केली, तो या विभाजनात गेला नव्या कंपनीकडं. ती शेअरबाजारात लिस्टेड नाही. आज बाजारात विप्रोचा जो शेअर मिळतो, त्यात तेलाचा थेंबही उरलेला नाही.